डेटाबेसची साधने मोफत की विकत? खानदेशातील पतसंस्थांच्या संचालक मंडळांना खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष, संचालक व व्यवस्थापक,
जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील सहकारी पतसंस्था

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात एका पतसंस्थेचे संचालक तीन दरपत्रके घेऊन माझ्याकडे आले. संगणक विभागासाठी डेटाबेस हाताळण्याची साधने घ्यायची होती, मासिक सभेपुढे तसा विषय होता आणि ठराव कोणत्या दरपत्रकावर करावा हे कोणालाच ठरवता येत नव्हते. पहिल्या दरपत्रकात एक परदेशी साधन होते, पाच जणांसाठी, दरवर्षी भरायच्या वर्गणीवर. दुसऱ्यात साधने सगळी मोफत होती आणि फक्त बसवून देण्याची मजुरी लावली होती. तिसऱ्यात ‘डेटाबेस मॅनेजमेंट टूल, १ नग’ अशी ओळ आणि तिच्यापुढे पाच आकडी रक्कम होती. खोदून विचारल्यावर तो नग म्हणजे एसक्यूएल सर्व्हर मॅनेजमेंट स्टुडिओ निघाला, जो मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून कोणीही एक पैसा न देता उतरवून घेऊ शकतो. बसवण्याचे आणि शिकवण्याचे पैसे मागायला माझी हरकत नाही, मीही ते मागतो. पण मजुरीला मालाचे नाव देऊन बिल करणे बरे नव्हे.

ही एका संस्थेची अडचण नसल्यामुळे खासगीत सांगण्याऐवजी सर्वांना एकदम लिहीत आहे. आधी माझा स्वार्थ सांगून टाकतो. मी जळगावात २२ वर्षांपासून पतसंस्था, दालमिल आणि अडत दुकानांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. मोफत साधन वापरले की गिऱ्हाइकाचे वाचलेले पैसे थोडेबहुत माझ्या बिलात येऊ शकतात आणि विकतच्या साधनाची शिफारस केली की कधी कधी त्यावर कमिशन मिळते. दोन्हीकडून माझा फायदा होऊ शकतो, तेव्हा पुढचे वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

पहिला घोळ नावाचा आहे. डेटाबेस इंजिन वेगळे आणि ते हाताळायचे साधन वेगळे. सभासदांची खाती, ठेवी, कर्जे आणि रोजकीर्द जिथे प्रत्यक्ष साठते ते इंजिन. ते गोदाम समजा. त्या गोदामात शिरून माल मोजणारा, हलवणारा, मांडणी बदलणारा माणूस जो आकडा आणि काटा वापरतो ते साधन. इंजिन मोफत असून साधन विकतचे असू शकते आणि उलटही चालते. पोस्टग्रेएसक्यूएल, मायएसक्यूएल, एसक्यूएल सर्व्हर, ओरॅकल ही गोदामांची नावे. पीजीॲडमिन, मायएसक्यूएल वर्कबेंच, हायडीएसक्यूएल, डीबीव्हर, टोड, नॅव्हिकॅट, डेटाग्रिप ही साधनांची. दरपत्रकात या दोन्हींच्या ओळी वेगवेगळ्या नसतील तर ते तिथूनच परत पाठवावे.

दुसरा घोळ ‘फुकट’ या एका शब्दाचा आहे. बाजारात फुकट म्हणून मिळणाऱ्या वस्तू निदान चार जातींच्या आहेत. पहिली जात खऱ्या अर्थाने मुक्त. पोस्टग्रेएसक्यूएल हे बर्कलेच्या विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पातून आले, १९९६ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले, आणि त्याचा परवाना इतका सैल आहे की तुम्ही ते कितीही शाखांत, कितीही डेटासाठी, धंद्यासाठी बिनघोर वापरावे. डीबीव्हरची कम्युनिटी आवृत्तीही याच जातीची असून ती एकाच खिडकीतून जवळजवळ सगळ्या प्रचलित डेटाबेसना जोडून देते. तिच्या विकतच्या आवृत्तीत मोंगोडीबीसारख्या वेगळ्या धाटणीच्या डेटाबेसची सोय आहे, पण पतसंस्थेला तिचे काम पडत नाही. दुसरी जात मर्यादित फुकट, जशी एसक्यूएल सर्व्हरची एक्सप्रेस आवृत्ती. तिच्याविषयी पुढे सविस्तर लिहितो, कारण आपल्या भागातल्या निम्म्या कटकटी तिथून निघतात असा माझा अनुभव आहे.

तिसरी जात अटीवर फुकट. एसक्यूएल सर्व्हरची डेव्हलपर आवृत्ती २०१६ पासून विनामूल्य आहे, तिच्यात सर्वांत महागड्या आवृत्तीच्या सगळ्या सोयी आहेत, आणि म्हणूनच ती बसवण्याचा मोह होतो. पण तिचा परवाना फक्त सॉफ्टवेअर तयार करण्यासाठी आणि तपासण्यासाठी आहे, काउंटरवर चालू कामकाजासाठी नाही. डेटाग्रिप हे विकतचे साधनही २०२५ पासून बिगरव्यावसायिक वापराला मोफत झाले, म्हणजे घरी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला ते चालेल, तुमच्या मुख्य कार्यालयात चालणार नाही. चौथी जात मुदतीची. चौदा किंवा तीस दिवस सगळे सुरू आणि मग पैसे भरा. हिला फुकट म्हणणे म्हणजे लग्नाआधीच्या पाहुणचारावरून सासर जोखण्यासारखे आहे. दरपत्रकात नुसते ‘फ्री’ लिहिलेले असेल तर यांतली कोणती जात, हे लेखी मागून घ्यावे.

आता एक्सप्रेसची गोष्ट. एका तालुक्याच्या गावच्या पतसंस्थेचे काम माझ्याकडे होते. बाजाराचा दिवस, काउंटरपुढे पिग्मी एजंट पैसे भरायला उभे, आणि अकराच्या सुमारास पावती निघेनाशी झाली. जुनी खाती दिसत होती, खातेउतारा निघत होता, मात्र नवी नोंद घेतली जात नव्हती. पडद्यावर इंग्रजीत एवढेच, की ‘प्रायमरी’ फाइलगट भरला असल्यामुळे जागा देता येत नाही. व्यवस्थापकांनी हार्ड डिस्क पाहिली तर तिच्यावर ३०० जीबी मोकळे. मग जागा भरली कशी? त्यांच्याकडच्या एक्सप्रेस आवृत्तीला एका डेटाबेसमागे १० जीबीची मर्यादा होती. २००८च्या आवृत्तीपर्यंत ती ४ जीबी होती, त्याच आवृत्तीच्या ‘आर टू’ या सुधारणेत १० झाली आणि थेट २०२५च्या आवृत्तीत ५० झाली. पतसंस्थेचे नुसते आकडे वीस वर्षांतही १० जीबी होत नाहीत. पण या संस्थेने ओळखपत्रांच्या स्कॅन प्रती, फोटो आणि सह्यांचे नमुने थेट डेटाबेसमध्ये भरले होते, आणि ती सोय मीच करून दिली होती. एकेक सभासद दोन-दोन एमबी.

त्या दिवशी दुपारी दोनपर्यंत रोजकीर्द हाताने लिहिली गेली. तोवर मी फोटोंचे टेबल शेजारच्या दुसऱ्या डेटाबेसमध्ये हलवले, कारण मर्यादा डेटाबेसमागे एक अशी आहे, सर्व्हरमागे एक अशी नाही, आणि तीत फक्त डेटाची फाइल धरतात, लॉगची म्हणजे बदलांच्या नोंदींची नाही. एवढे माहीत असल्यामुळे त्या दिवशी एक रुपयाही खर्च झाला नाही. त्याच संध्याकाळी एका विक्रेत्याने त्या संस्थेला लाखांच्या घरातले लायसन्स घेण्याचा सल्ला दिला होता हे नंतर कळले. सल्ला खोटा नव्हता. गरज मात्र नव्हती.

एक्सप्रेसमधली दुसरी उणीव याहून गुपचूप घात करते. ठरलेल्या वेळी आपोआप काम करणारा ‘एजंट’ तिच्यात नाही, त्यामुळे रात्रीचा बॅकअप विंडोजच्या टास्क शेड्युलरवर लावावा लागतो. मी एका ठिकाणी तो व्यवस्थापकांच्या लॉगिनवर लावून दिला होता. दिवाळीनंतर त्यांनी पासवर्ड बदलला आणि त्या रात्रीपासून बॅकअप होणे थांबले. कोणाला कळले नाही, मलाही नाही. चाळीस-एक दिवसांनी ऑडिटरने बॅकअपच्या फाइलची तारीख विचारली तेव्हा ते उघड झाले. विकतचे साधन असते तर त्याने बॅकअप चुकल्याचा ईमेल पाठवला असता, हे मी मान्य करतो. पण तो ईमेल वाचणारे कोणी हवे, आणि रोज सकाळी त्या फोल्डरमधली तारीख पाहून वहीत सही करणारा कारकून नेमणे हे त्याहून स्वस्त आणि माझ्या मते त्याहून पक्के होते. त्या संस्थेत आता तेच चालते.

क्रॅक केलेल्या साधनांविषयी फार लिहीत नाही, कारण लिहिण्यासारखे थोडेच आहे. विकतचे साधन चोरून वापरणे ही ‘मोफत’ची पाचवी जात नव्हे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३-ब प्रमाणे संगणक प्रणालीची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरल्यास किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि ५०,००० ते २,००,००० रुपये दंड आहे. नफ्यासाठी किंवा धंद्यात वापर नसेल तरच न्यायालय कैद टाळू शकते. आणि कायद्याचे बाजूला ठेवले, तरी कोणी अनोळखी माणसाने कुलूप फोडून दिलेली फाइल तुम्ही त्याच यंत्रावर चालवता ज्यात सगळ्या ठेवीदारांची नावे, पत्ते आणि शिल्लक आहे. पेन ड्राइव्हवर साधन घेऊन येणाऱ्या मुलाला चहा पाजावा, पण पेन ड्राइव्ह लावू देऊ नये.

मग विकत कधी घ्यावे? माझे उत्तर असे आहे की ज्या कामाचे नाव, ते महिन्यातून किती वेळा करावे लागते आणि त्याला आज किती तास लागतात हे तुमचा संगणक विभाग एका कागदावर लिहून देऊ शकतो, त्या कामासाठी घ्यावे. ‘प्रोफेशनल दिसते’, ‘मोठ्या संस्था वापरतात’ या कारणांसाठी घेऊ नये. शेतकरी संचालकांना हे समजावे लागत नाही, कारण मोटार किती एचपीची बसवायची हे ते विहिरीचे पाणी बघून ठरवतात.

माझ्या अनुभवात असे एकच काम ठळकपणे समोर आले. एका संस्थेच्या नऊ शाखा होत्या, प्रत्येकीचा डेटाबेस स्वतंत्र होता आणि वर्षानुवर्षे ज्याने त्याने आपल्या शाखेत एखादा रकाना वाढवला, एखाद्याची लांबी बदलली, एखादी प्रोसिजर, म्हणजे डेटाबेसमध्येच साठवलेली आज्ञांची मालिका, दुरुस्त केली. सगळ्या शाखा एका सर्व्हरवर आणायचे ठरले तेव्हा नऊ रचनांमधले फरक शोधणे आले. पहिल्या दोन शाखांचे फरक मी कागदावर उभ्या रेघा मारून शोधले. तीन रात्री गेल्या आणि तरीही ‘कर्जदार’ टेबलातल्या जामीनदाराच्या रकान्याची लांबी एका शाखेत ५० आणि दुसऱ्यात १०० आहे हे माझ्या नजरेतून सुटले. पुढे एका विकतच्या तुलना करणाऱ्या साधनाची मुदतीची प्रत उतरवली तर पाव तासात सगळे फरक दोन रंगांत समोर, आणि ते मिटवणारी स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची फाइलही तयार. अशा साधनाला पैसे मोजायला माझी ना नाही. तरी एक पोटनियम जोडतो: हे काम एकदाच करायचे असेल, तर मॅनेजमेंट स्टुडिओतूनच प्रत्येक शाखेची रचना मजकुराच्या फाइलमध्ये काढावी आणि विनमर्ज या मोफत साधनात दोन-दोन फाइली शेजारी ठेवून पाहाव्यात, दोन दिवसांत उरकते. दर महिन्याला करायचे असेल तर विकत घ्यावे.

याउलट, कितीही पैसे मोजून जे विकत मिळत नाही ते मराठीचे ज्ञान. आपल्या संस्थांत सभासदांची नावे मराठीत ठेवायची असतात आणि इथे साधनांपेक्षा साधन धरणाऱ्याची परीक्षा होते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये साध्या रचनेत मराठी मजकूर भरताना अवतरणचिन्हाआधी इंग्रजी ‘एन’ हे अक्षर लिहावे लागते. ते विसरले तर चूक दाखवली जात नाही, नोंद होते, आणि प्रत्येक चिन्हाच्या जागी एक प्रश्नचिन्ह साठते. मी अशी एक यादी पाहिली आहे. ‘पाटील’ म्हणजे पाच चिन्हे, ‘चौधरी’ म्हणजे पाच आणि ‘महाजन’ म्हणजेही पाचच, त्यामुळे निम्म्या गावाची आडनावे एकसारखी पाच प्रश्नचिन्हे होऊन बसली होती, आणि एकदा साठलेल्या प्रश्नचिन्हांतून मूळ नाव परत काढणे कोणत्याही साधनाला शक्य नाही. कागदी अर्ज जपून ठेवले होते म्हणून ती यादी पुन्हा भरता आली.

वर्णक्रमाचेही तसेच. युनिकोडच्या, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या तक्त्यात ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे, म्हणजे ‘व’च्या आधी बसवलेला आहे, आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. नुसत्या सांकेतिक क्रमांकाने गावांची यादी लावली की चाळीसगाव आधी येते आणि चावलखेडे नंतर, आणि यादी चाळणाऱ्या जुन्या कारकुनाला गाव सापडत नाही. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये २०१७ च्या दहाव्या आवृत्तीपासून मराठीचा वर्णक्रम निवडता येतो आणि तो मोफत आहे. पण तो निवडायचा असतो हे माहीत असलेला माणूस लागतो. दरपत्रके आणणाऱ्या विक्रेत्यांना मी हाच प्रश्न विचारतो: चाळीसगाव आधी की चावलखेडे? उत्तरावरून बराच उलगडा होतो.

काही संचालक म्हणतात की विकतच्या मालामागे कंपनी उभी असते, फुकटच्यामागे कोण? रास्त प्रश्न आहे. पण आपल्याच धंद्याचा इतिहास पाहा. ज्या फॉक्सप्रोवर इथल्या कित्येक पतसंस्था आणि जिनिंगच्या हिशेबाची कामे उभी राहिली ते विकतचे होते, १९९२ पासून मायक्रोसॉफ्टचे होते, आणि २००७ मध्ये नवी आवृत्ती येणार नाही असे त्याच कंपनीने जाहीर केले. २०१५ च्या जानेवारीत उरलासुरला आधारही संपला. मोफतवाल्यांचेही काही वेगळे नाही: मायक्रोसॉफ्टचेच अझ्यूर डेटा स्टुडिओ हे डेटाबेस हाताळायचे साधन मोफत होते, आणि त्याला २८ फेब्रुवारी २०२६ ही निवृत्तीची तारीख मिळाली. मायएसक्यूएल २०१० मध्ये सन या मालक कंपनीबरोबर ओरॅकलकडे गेले, पण मूळ आज्ञावली मुक्त असल्यामुळे त्याच्या एका निर्मात्याने २००९ मध्येच मारियाडीबी नावाने वेगळे बिऱ्हाड थाटले होते. ही वेगळे निघण्याची मुभा विकतच्या मालात नसते. फॉक्सप्रोच्या डेटाच्या डीबीएफ फाइली मी आजही वाचतो. साधन गेले तरी साठवण्याची पद्धत उघड होती म्हणून डेटा राहिला. म्हणून माझा आग्रह आहे की साधन कोणतेही असो, टेबलांची रचना, प्रोसिजर आणि अहवालांच्या क्वेरी साध्या एसक्यूएल स्क्रिप्टच्या रूपात संस्थेच्या ताब्यात, तिच्या कपाटात असाव्यात. एखाद्या साधनाच्या खास फाइलमध्ये किंवा माझ्यासारख्याच्या लॅपटॉपमध्ये नव्हे.

वर्गणीच्या साधनांबाबत दोन व्यवहारी गोष्टी दरपत्रकात दिसत नाहीत. बिल डॉलरमध्ये येते, त्यावर १८ टक्के जीएसटीचा विचार करावा लागतो, आणि संस्थेकडे परदेशी व्यवहाराचे कार्ड नसल्यामुळे एखादा कर्मचारी स्वतःच्या कार्डावर पैसे भरतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १५,००० रुपयांवरची वर्गणी कार्डावरून आपोआप कापली जात नाही, दर वेळी ओटीपी लागतो. तो कर्मचारी नोकरी सोडून गेला की ओटीपी त्याच्यासोबत जातो. आणि काही साधने ठरावीक दिवसांनी इंटरनेटवरून लायसन्स तपासतात. जळगावात त्याचे काही वाटत नाही, पण धडगाव किंवा मोलगीच्या शाखेत रेंज गेलेल्या दिवशी ते साधन उघडले नाही तर तिथल्या माणसाने काय करावे?

आणि माणसांचे सांगायचे तर, आपल्या महाविद्यालयांतून शिकून येणारी मुले मायएसक्यूएल वर्कबेंच, पीएचपीमायॲडमिन आणि पीजीॲडमिन हाताळूनच येतात. दोन वर्षे काम करतात आणि महाराष्ट्र एक्सप्रेसने पुण्याला जातात; त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्या जागी येणाऱ्या मुलाला पहिल्या दिवसापासून हात चालवता यावा असे साधन संस्थेत असणे ही माझ्या लेखी मोफत साधनाची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे, पैसे वाचतात हीसुद्धा तिच्यानंतर. वाचलेल्या पैशांतला काही भाग त्या मुलाच्या पगारात घालावा, असे सुचवले तर सभेत काही जण हसतात. तरी सुचवतो.

विनंती एवढीच आहे की पुढच्या मासिक सभेत साधनखरेदीचा विषय येण्याआधी आपल्या संगणक विभागाकडून दोन उत्तरे लेखी मागवावीत. आपल्या एमडीएफ फाइलचा, म्हणजे एसक्यूएल सर्व्हरच्या डेटाच्या मुख्य फाइलचा, आजचा आकार किती आणि ती कोणत्या आवृत्तीवर चालते, हे एक. शेवटचा बॅकअप दुसऱ्या संगणकावर प्रत्यक्ष रिस्टोअर करून, म्हणजे त्यावरून डेटा परत उभा करून, त्यातली तेरीज मुख्य कार्यालयाच्या तेरजेशी जुळवून पाहिली ती तारीख कोणती, हे दुसरे. दुसऱ्या प्रश्नापुढची जागा कोरी आली, तर दरपत्रकांचा विषय त्या सभेत तहकूब ठेवावा आणि आधी तो रिस्टोअर करून घ्यावा. त्याला लागणारे साधन तुमच्या संगणकावर बहुधा आधीपासूनच आहे.

आपला नम्र,
जळगाव येथील एक सॉफ्टवेअर व्यावसायिक